देवाचे आठ मणी

ठकुअक्काबद्दल सांगायला बसले की माझं डोकं आधी तापतं आणि तोंड मग उघडतं. घरचे म्हणतात, हेमलता, आठ-नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला, सोड की आता. का सोडू? ज्यांनी सोडायला हवं होतं त्यांनी काही सोडलं का? एक बाई पायांनी हिमालय मोजते आणि घोड्यावर बसणाऱ्याचं नाव पुस्तकावर येतं, हे मी ऐकीव सांगत नाही. ते पुस्तक मी स्वतः टाइप केलंय, याच दहा बोटांनी.

ठकुअक्का मूळची खानापूरकडची. नवरा मल्लाप्पा जमीन मोजणीच्या खात्यात साखळी ओढायचा. म्हणजे मोजणीदार झाडाखाली बसणार आणि हा लोखंडी साखळी घेऊन उन्हातान्हात शेतं पालथी घालणार. तो तापानं गेला, मूलबाळ नव्हतं, दिरानं दार दाखवलं. माझ्या आईच्या माहेरची ओळख काढत ती बेंगळुरला आली आणि चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहू लागली. नातं काही नाही, पण आम्ही तिला अक्का म्हणायचो. पापड लाटून पोट भरायची. कुणी शंभर पापड सांगितले की ती एकशे आठ लाटायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, आठ फुकट कशाला घालतीस?" तर म्हणाली, "मोडतुटीचे गं. शंभर म्हटलं की शंभर चांगले पोचायला पाहिजेत. वरचे मोजायचे नसतात." पेटेतल्या सगळ्या मंगलकार्यांना तिचेच पापड जायचे, यात नवल नाही.

दुसरी तिची खोड म्हणजे पावलं मोजणं. मल्लाप्पानं लग्नानंतर गंमत म्हणून तिला ते शिकवलं होतं. अंगणात दोन-दोन फुटांवर काटक्या रोवायच्या आणि त्यांवरून चालत राहायचं, पाऊल बरोबर दोन फुटी पडेपर्यंत. तो गेला तरी पाऊल राहिलं. हातात तुळशीची माळ, शंभर पावलं झाली की एक मणी पुढं. बाजारापासून आमचं घर अमुक मणी, मल्लेश्वरमचं देऊळ माळेला थोडं कमी, असं तिचं चालायचं. आम्ही हसायचो. तीही हसायची, पण मणी चुकवायची नाही.

मी तेव्हा सरकारी कारखान्यात टायपिस्ट होते. कारखान्यात साहेबलोकांचं एक गिर्यारोहण मंडळ होतं. नाव मोठं, पण कुणी शिखरबिखर चढत नसे. दर मे महिन्यात काठगोदामपर्यंत आगगाडीनं जायचं आणि तिथून कुमाऊँच्या डोंगरांत सोप्या वाटांनी डाकबंगला ते डाकबंगला हिंडायचं. छप्पन्न साली ऐन वेळी त्यांचा स्वयंपाकी बर्फाचं नाव ऐकून पळाला. मी ठकुअक्काचं नाव सुचवलं. तिचं वय पंचेचाळीस. तिनं एकच विचारलं, "चालायला देतील ना?"

दिलं की. द्यायलाच लागलं. साहेबमंडळी पोचायच्या आत पुढच्या मुक्कामी चुलीवर चहा चढलेला पाहिजे, म्हणून ती सगळ्यांच्या आधी निघायची. नऊवारीचा काचा मारलेला, पायात जाड मोजे, मागं भांड्यांचं खेचर आणि हातात माळ. एक माळ पुरी झाली की दोरीला एक गाठ. महिन्यानं परत आली ती काळीठिक्कर होऊन आणि दोन वर्षांनी लहान होऊन. रोज संध्याकाळी पापड लाटता लाटता मला सांगायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. सिमलधारच्या बंगल्यापासून पुढच्या बंगल्यापर्यंत तीन माळा. पहिल्या माळेला अक्रोडाचं झाड, खाली झरा, पाणी दातांना लागत नाही. दुसऱ्या माळेच्या अर्ध्यावर सपाट दगड आहे, गुडघे दुखणाऱ्यानं तिथं पाय खाली सोडून बसावं. तिसऱ्या वळणावर मोठ्या शिळेमागं बायकांना आडोसा आहे. उताराला काठी डाव्या हातात. जळवा कुठं, खेचरं कुठं बिचकतात, पाऊस आला तर कुठली गुहा. सगळं.

"हे कुणासाठी लिहून घेतीयास गं?" असं तिनं मला कधी विचारलं नाही. उलट मीच विचारलं. तर म्हणाली, "माझ्यासारख्या बायका असतील की. साठीला टेकलेल्या, गुडघे गेलेल्या. हिमालय म्हटलं की घाबरतात. चढ न्हाई काय न्हाई, आपल्या घाटाएवढीच वाट. कुणी सांगितलं तर जातील बिचाऱ्या." आणि मग म्हणाली, "इथं मी विधवा असते हेमा. हळदीकुंकवाला मागच्या दारानं. तिथं मी सगळ्यांच्या पुढं असते."

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण पुढं जे तिच्याकडून हिसकावलं ते हेच. अकरा महिने ती पापड लाटायची ती त्या एका महिन्यासाठी. चार वर्षं गेली. चार वर्षांत वही भरली.

आता प्रतापरावांकडे येते. मंडळाचे अध्यक्ष, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, मल्लेश्वरमला बंगला, तोंडात पाइप. माणूस बोलायला गोड, साखर पेरावी तर त्यांनी. डोंगरात मात्र पहिल्या चढालाच घोड्यावर बसायचे. बसेनात का, माझं काही म्हणणं नाही, घोडं त्यांच्या पैशाचं. एकोणसाठच्या पावसाळ्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्याकडे म्हणे त्या बाईंची काहीतरी वही आहे. उत्तम! आपण ती समितीपुढे ठेवू. बाईंचं काम लोकांपुढे यायला हवं. तुम्ही इंग्रजीत टाइप करून द्या पाहू."

मी मूर्ख! मला वाटलं, देव पावला. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी ते टाइप केलं. ठकुअक्काला विचारलं, "माळ म्हणजे मैलात किती धरू?" ती म्हणाली, "माळेला शंभर मणी, मण्याला शंभर पावलं, पावलाला दोन फूट. कर हिशोब." मी केला. तीन माळा म्हणजे अकरा मैल तीन फर्लांग. चार वर्षांच्या सगळ्या वाटा मैल-फर्लांगांत बसवल्या. पहिल्या पानावर ठकुअक्काचं नाव घालायला गेले, तर प्रतापराव म्हणाले, "ते पान राहू द्या. ते मी बघतो."

बघितलं की! साठच्या जानेवारीत मल्लेश्वरमच्या एका सभागृहात प्रकाशन झालं. निळं गुळगुळीत कव्हर, हिमालयातल्या सोप्या वाटा, लेखक प्रतापराव. आत ठकुअक्काचं नाव औषधालाही नाही. प्रस्तावनेत लिहिलेलं की सर्व अंतरे लेखकाने पावले मोजण्याच्या विलायती यंत्राने स्वतः मोजली आहेत. कुठलं यंत्र? घोड्याच्या पायाला बांधलं होतं काय? मी पान उलटलं, तर तिसऱ्या वळणावरचा बायकांचा आडोसा जसाच्या तसा छापलेला. प्रतापरावांना बायकांच्या आडोशाची इतकी काळजी कधीपासून लागली, हे समोरच्या शंभर शहाण्या माणसांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते आणि चहाबरोबर ठकुअक्काचे पापड खात होते.

ती स्वतः मागच्या रांगेत बसली होती. मी तिला सांगितलं, तुझं नाव नाही. ती म्हणाली, "राहिलं असंल गं. दुसऱ्या खेपेला घालतील." वर मलाच म्हणते, "स्वल्प हळू बोल, लोक बघतात."

महिन्याभरात मे महिन्याच्या सहलीची यादी लागली. यादीत ठकुअक्का नव्हती. मी तडक केबिनमध्ये गेले. दारावर टकटकसुद्धा केली नाही.

"साहेब, ठकुबाईंचं नाव राहिलं."

"राहिलं नाही," प्रतापराव पाइप झटकत म्हणाले. "आता पुस्तिका आहे ना. वाट कुठे, पाणी कुठे, सगळं छापलेलं. स्वयंपाकी काठगोदामला पाहिजे तितके मिळतात. त्या बाईंना इथून तिथवर नेण्याचं आता कारणच उरलं नाही."

"ती पुस्तिका त्यांचीच आहे!"

"माहिती कुणाचीच नसते, हेमलताबाई. ती मांडावी लागते. आणि तुमची बढतीची फाइल माझ्याकडेच आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच."

मी गप्प बसले. हो, बसले. घरात म्हातारे आईवडील, पगार माझा एकटीचा. त्या दिवशी गप्प बसले याचा राग मला प्रतापरावांच्या रागाइतकाच आहे. घरी येऊन अक्काला सांगितलं तेव्हा ती पोळपाटावर होती. लाटणं थांबलं. "न्हाई म्हणाले?" एवढंच बोलली आणि परत लाटायला लागली. तो एक पापड तिनं इतका लाटला की फाटला. तिच्या हातचा फाटलेला पापड मी पहिल्यांदाच पाहिला.

तो मे महिना मी विसरणार नाही. ती आमच्या मागच्या अंगणात पापड वाळत घालायची आणि उन्हाकडे बघून म्हणायची, "आज अक्रोडाखाली असतील." दुपार कलली की, "आता दगडावर बसले असतील, बर्फ दिसत असंल." अख्खी सहल तिनं चामराजपेटेत बसून केली. मला तिच्याकडे बघवत नसे. माझ्या हातानं मी तिचा डोंगर साहेबाच्या खिशात घातला होता. वही नसती तर त्यांना तिला न्यावंच लागलं असतं.

जुलैमध्ये मंडळाची बैठक भरली. टिपणं घ्यायला मी कोपऱ्यात बसले होते. अहवाल वाचून झाले, आभार झाले, आणि दामोदर उभा राहिला. दामोदर कारखान्यात तपासणी विभागात तरुण इंजिनिअर होता, पुण्याकडचा. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचा, त्यामुळे फारसा कुणाचा आवडता नव्हता.

"पुस्तिकेबद्दल थोडं बोलायचंय," तो म्हणाला. "सिमलधारहून आपण पुस्तिकेच्या भरवशावर जेवून निघालो. अकरा मैल तीन फर्लांग लिहिलंय. बंगला येता येईना, दिवस मावळला, आणि देशमुखकाकांचा पाय मुरगळला. म्हणून पुढच्या सगळ्या वाटा मी अंतर मोजायचं चाक फिरवून मोजल्या. प्रत्येक अंतर कमी लिहिलंय. गंमत म्हणजे चूक सगळीकडे एकाच प्रमाणात आहे."

प्रतापराव हसले. "यंत्र आहे, थोडं मागेपुढे होणारच."

"नाही सर. यंत्र चुकलं तर चढाला वेगळं चुकेल, उताराला वेगळं. इथे जिथे शंभर लिहिलंय तिथे प्रत्यक्षात एकशे आठ भरतात. प्रत्येक ठिकाणी. असं चुकणारं यंत्र मी पाहिलेलं नाही."

माझी पेन्सिल थांबली. शंभराला एकशे आठ! अय्यो, माझ्या डोळ्यांपुढं पापडांची चवड आली. माळेला मणी किती असतात? एकशे आठ. आणि अक्का मोजते किती? शंभर. आमच्या जुन्या बायका जप असाच धरतात. माळ पुरी ओढायची, पण पदरात शंभरच घ्यायचे. मन भटकलं, उच्चार चुकला, त्याची भरपाई म्हणून वरचे आठ देवाला सोडायचे. ती एकशे आठ मणी चालली होती आणि सांगताना शंभर सांगत होती. ठकुअक्काच्या प्रत्येक माळेतली आठशे पावलं तिनं देवाला सोडली होती आणि तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

मी उभी राहिले. बढतीची फाइल गेली खड्ड्यात.

"ते यंत्र मी पाहिलंय," मी म्हटलं. "तुळशीचं आहे. चामराजपेटेत आमच्या मागच्या खोलीत खुंटीला टांगलेलं असतं." आणि मग सगळं सांगितलं. वही, गाठी, शंभर आणि एकशे आठ. "साहेबांनी मोजलं असेल तर साहेबांनी सांगावं, त्यांच्या विलायती यंत्राला देवाचे आठ सोडायला कुणी शिकवलं?"

दामोदर कागदावर आकडे मांडून म्हणाला, "बरोबर. तंतोतंत जुळतंय." प्रतापरावांचा चेहरा पडला. मला वाटलं, जिंकलो!

कसलं जिंकतो! तुम्हाला साहेबलोक ठाऊक नाहीत. आठ दिवसांनी समितीनं निर्णय घेतला आणि तो टाइप करायला माझ्याच टेबलावर आला. पुस्तिकेत घालायचं शुद्धिपत्र. इंग्रजीत होतं, मराठीत सांगते: 'या पुस्तिकेतील अंतरे ठकुबाई या अशिक्षित स्वयंपाकिणीने मोजली असल्याने ती सर्व चुकीची आहेत. वाचकांनी प्रत्येक अंतर शंभरास आठ या प्रमाणात वाढवून वाचावे. लेखक दिलगीर आहेत.'

म्हणजे पुस्तक साहेबाचं आणि चूक तेवढी तिची. गुणांच्या वेळी नाव नाही, दोषांच्या वेळी ठळक अक्षरांत. ही यांची सुधारलेली माणसं! मी कागदाचा बोळा केला आणि घरी आणून अक्कापुढं टाकला. म्हटलं, उद्या राजीनामा देते, पण हे टाइप करणार नाही.

तिनं बोळा उलगडून सरळ केला. तिला वाचता येत नव्हतं. "माझं नाव कुठाय यात?" मी बोट ठेवलं. तिनं त्यावर बोट फिरवलं.

"टाइप कर," ती म्हणाली.

"अक्का, तुझा अपमान आहे गं हा!"

"कळतंय मला, येडी न्हाई मी. पण पुस्तकात माझं नाव दुसरं कुठं येणार हाय? वाटा मी मोजल्या एवढं तर त्यांनी लिहिलं ना? न्हाई म्हणता येणार न्हाई आता त्यांना. तू टाइप कर. नाव नीट लिही."

मी केलं. रडत केलं आणि नाव नीट लिहिलं. पाचशे चिठ्ठ्या छापून पुस्तिकांत घातल्या गेल्या. बढती अर्थातच दुसरीला मिळाली. सरी, ठीक आहे, मिळू दे.

एकसष्टच्या मार्चमध्ये एक बाई आमचं घर शोधत आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, हातात छत्री आणि निळी पुस्तिका. मल्लेश्वरमच्या शाळेत शिकवायच्या, नाव प्रतिमाबाई. दारातूनच म्हणाल्या, "ठकुबाई इथेच राहतात का?"

मी फणकारले. "का? अजून काही चूक सापडली?"

"छे हो," त्या ओट्यावर बसत म्हणाल्या. "आम्ही बारा जणी आहोत. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. मेमध्ये जायचं म्हणतोय. ही पुस्तिका मी कितीदा तरी वाचली. मला एकच कोडं पडलं होतं, गुडघे दुखले तर पाय खाली सोडून कुठे बसावं हे कुठल्या साहेबाला सुचतं? बायकांचा आडोसा? पाणी दातांना लागत नाही? मग आतून ही चिठ्ठी पडली आणि मला माणूस सापडलं. तेव्हापासून पत्ता शोधतेय."

ठकुअक्का पिठाचे हात पुशीत बाहेर आली. प्रतिमाबाई उठून उभ्या राहिल्या. आमच्या ओट्यावर तिच्यासाठी कुणी उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"येणार का आमच्याबरोबर?"

"किती माणसांचा स्वयंपाक?" अक्कानं विचारलं.

"स्वयंपाक आम्ही बारा जणी आळीपाळीनं करू. तुम्ही पुढे चालायचं."

अक्कानं पदर डोळ्यांना लावला, मग आत गेली आणि खुंटीवरची माळ घेऊनच बाहेर आली.

त्या मे महिन्यात मीही रजा काढून गेले. सिमलधारहून पहाटे निघालो. पुढं ठकुअक्का, मागं आम्ही तेरा जणी. अक्रोडाखाली आम्ही थांबलो, सपाट दगडावर पाय सोडून बसलो. पाणी खरंच दातांना लागत नव्हतं. उजेड असतानाच बंगल्यात पोचलो. अक्कानं दोरी माझ्यापुढं धरली.

"लिही. तीन माळा आन पंधरा मणी. एकशे आठ धरून लिही."

तीन माळांची वाट. तीच दोरी, तीच तीन गाठी, आणि वर पंधरा मणी? मी म्हटलं, "अक्का, हे पंधरा कुठून आले?"

"बंगल्यामागच्या टेकाडाला वळसा घालून आले की गं. मागच्या बाजूनं बर्फ दिसतो. कामाच्या गडबडीत चार वर्षांत तेवढंच राहिलं होतं."

मी लिहिलं. मग न राहवून विचारलं, "आणि देवाचे आठ? आता सोडायचे नाहीत?"

ती पायातले मोजे काढत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "देवाला म्हणून सोडले होते. देवानं कवाच घेतले न्हाईत. घेतले ते प्रतापरावानं. आता एक मणी सोडणार न्हाई."